विहारनौका : तळाची स्वच्छता व देखभाल

शीडनौका, मोटरबोट किंवा यॉटचा जो भाग कायम पाण्याखाली असतो त्यावर चढलेली जीवांची वाढ काढणे, ती पुन्हा चढू नये म्हणून रंग लावणे आणि नौकेच्या बाह्य कवचाला किंवा धातूच्या भागांना झालेली इजा वेळीच ओळखून दुरुस्त करणे, ही सगळी कामे तळाच्या देखभालीत येतात. घासणे हे त्यातले डोळ्यांत भरणारे काम, पण तळ स्वच्छ राहतो तो रंगाच्या थरामुळे. जोर लावून घासले की सर्वांत आधी तोच थर निघून जातो. म्हणून या कामातले बहुतेक नियम 'वरचेवर आणि हलक्या हाताने' या एकाच सूत्रातून आलेले आहेत.

तळावर काय चढते

स्वच्छ पृष्ठभाग पाण्यात गेला की काही तासांतच त्यावर जीवाणूंचा पातळ थर बसतो. पाठोपाठ डायाटम हे सूक्ष्म शैवाल येते आणि हाताला बुळबुळीत लागणारा तपकिरी लेप तयार होतो. जलरेषेजवळ ऊन पोचते, त्यामुळे हिरवे शेवाळ तिथे गवतासारखे वाढते. खोल भागात आणि सावलीत बार्नॅकल, नळीत राहणारे कृमी, शिंपले आणि ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे बारीक जीव) यांचा जोर असतो. हा क्रम काटेकोर नसतो. अनुकूल हंगामात बार्नॅकल बुळबुळीत लेपाची वाट न पाहताही बसते. त्याची अळी पृष्ठभाग चाचपत फिरते, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेते आणि भोवती चुन्याचे कवच बांधते. काही दिवसांचे बार्नॅकल फडक्याने पुसले जाते. काही आठवड्यांचे झाले की पाते लावावे लागते, आणि तरीही त्याच्या बुडाची पांढरी चकती रंगावर उरतेच.

वाढीचा वेग पाण्याची ऊब, ऊन, पाण्यातले पोषक घटक आणि नौकेची हालचाल यांवर ठरतो. धक्क्याला महिनोन्‌महिने बांधून ठेवलेली नौका सर्वांत लवकर खराब होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युद्धनौकेवरील गणनेनुसार, १५ नॉट वेग राखण्यासाठी लागणारी शक्ती पातळ बुळबुळीत लेपानेही सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि कवचधारी जीवांच्या दाट थराने ८६ टक्क्यांपर्यंत. छोट्या नौकांचे आकडे वेगळे असले तरी कल तोच. पाण्यावर उचलून धावणारी मोटरबोट अशा अवस्थेत उचललीच जात नाही. इंजिनावर ताण येतो, आणि थंड पाणी ओढणारे छिद्र शिंपल्यांनी अर्धे बुजलेले असेल तर इंजिन तापतेही.

तांब्यापासून आजच्या रंगापर्यंत

लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकण्याचा प्रयोग ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटवर केला. पत्र्याने शेवाळ आणि लाकूड पोखरणारा टेरेडो दोन्ही रोखले, पण जिथे लोखंडी खिळे तांब्याला भिडत होते तिथले लोखंड झिजून गेले. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. मात्र तांबे विरघळेनासे झाले आणि तळावर पुन्हा जीव चढू लागले. तांबे पाण्यात हळूहळू सुटते म्हणूनच ते काम करते, हे त्यातून कळले. आजचे बहुतेक अँटिफाउलिंग (जीव चढू न देणारे) रंग याच तत्त्वावर चालतात. तांबे त्यांत बहुधा क्युप्रस ऑक्साइडच्या रूपात असते.

मधल्या काळात ट्रायब्युटिल टिनचे (टीबीटी) रंग फार प्रभावी ठरले, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातल्या कालवांची कवचे त्याने विकृत झाली. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर त्याला बंदी घातली, १९८७ मध्ये ब्रिटनने. त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २००८ मध्ये अमलात आला. याच करारात नंतर दुरुस्ती होऊन २०२३ पासून सायब्युट्रिन या शैवालनाशकावरही बंदी आली.

रंगाचे प्रकार ओळखणे महत्त्वाचे, कारण घासण्याची पद्धत त्यावरून ठरते. झिजणारा रंग चालत्या पाण्याने थराथराने निघतो आणि खालचे ताजे तांबे उघडे पडते. तो वर्षानुवर्षे साचत नाही, पण ब्रश सोसत नाही. कडक रंगातले तांबे झिरपत बाहेर येते व रंगाचा सांगाडा जागेवर राहतो. तो घासणे सोसतो, वेगवान नौकांना चालतो, मात्र दरवर्षी थर चढत जाऊन शेवटी पापुद्रे सुटतात. सिलिकॉनच्या लेपात विष नसते. त्यावर जीवांना घट्ट धरता येत नाही आणि नौका वेगात गेली की ते गळून पडतात. संथ किंवा बांधून ठेवलेल्या नौकेला त्याचा उपयोग कमी, आणि त्यावर एक ओरखडाही महाग पडतो. झिजणाऱ्या रंगावर कडक रंग चढवू नये. खालचा थर सुटला की वरचाही सुटतो.

पाण्यात राहूनच सफाई

उबदार पाण्यात तीन-चार आठवड्यांनी आणि थंड पाण्यात सहा-आठ आठवड्यांनी तळ पाहावा. लेप नुसता बुळबुळीत असेल तर मऊ फडके, गालिच्याचा तुकडा किंवा स्पंज पुरतो. पाणबुड्याने जलरेषेपासून सुरुवात करून खाली उतरत जावे, एकमेकांवर थोडे चढणारे लांब पट्टे घ्यावेत. फडके फिरवताना पाण्यात रंगाचा ढग उठला की रंग जातो आहे असे समजून हात हलका करावा. ढग उठत असूनही शेवाळ निघत नसेल, तर तो रंग संपला आहे आणि घासून काही साधणार नाही. हिरवी खरबरीत घासणी किंवा तारेचा ब्रश रंगलेल्या भागावर कधीच वापरू नये. बार्नॅकलसाठी प्लॅस्टिकचे रुंद पाते जवळजवळ आडवे धरून ढकलावे. बुडाची चकती निघत नसेल तर ती तशीच सोडावी. ती उपटताना खालच्या अस्तरासकट रंग निघतो.

दुर्लक्षित राहतात त्या जागा ठरलेल्या आहेत: कीलचा (तळाखालच्या कण्याचा) खालचा पृष्ठ, सुकाणूच्या वरची फट, पाणी ओढणाऱ्या छिद्रांची जाळी, वेगमापकाची फिरकी आणि पंखा (प्रोपेलर). पंख्यावर रंग फार काळ टिकत नाही, म्हणून पहिली बार्नॅकल बहुधा तिथेच बसतात. पात्यांवरची थोडीशी वाढही नौकेचा वेग जाणवेल इतका खाऊन टाकते. पंखा ब्राँझचा असल्याने तिथे धातूचे पाते चालते. घासल्यावर धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला, किंवा ठोकल्यावर खणखणीत न वाजता बद्द वाजला, तर मिश्रधातूतले जस्त निघून गेलेले असते आणि तो पंखा बदलावा लागतो.

उतरण्याआधी इंजिनाची किल्ली काढून खिशात ठेवावी आणि वातानुकूलन व शौचालयाचे पंप बंद करावेत. नौका किनाऱ्यावरच्या विजेला जोडलेली असेल तर जोडणी काढावी. शेजारच्या नौकांची वीजही धोक्याची असते. गोड्या पाण्यात गळणारी वीज माणसाचे स्नायू आखडून त्याला बुडवते आणि पाण्याकडे पाहून ते कळत नाही. वर एक माणूस लक्ष ठेवायला हवाच. पाण्यात घासल्याने तांबे व परके जीव बंदरात सुटतात, म्हणून अनेक बंदरांत ते निषिद्ध आहे किंवा फक्त मऊ लेप पुसण्याची मुभा आहे.

बाहेर काढणे

क्रेनचे पट्टे कुठे बसवायचे याच्या खुणा नौकेवर असाव्यात. पट्टा पंख्याच्या दांड्यावर किंवा वेगमापकावर आला तर ते तुटते. जमिनीवर शीडनौकेचे वजन कीलखालच्या ओंडक्यांवर पडले पाहिजे. बाजूचे टेकू तिला फक्त उभी धरतात. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधावेत, आणि ताडपत्रीची दोरी टेकूला कधीच बांधू नये, कारण वाऱ्याने ताडपत्री फुगली की टेकू निखळतो. जिथे भरती-ओहोटीत मोठा फरक असतो तिथे उधाणाला नौका भिंतीला लावून ओहोटीत घासण्याची जुनी पद्धत अजून चालते. मात्र भरतीची पातळी दिवसागणिक उतरत असताना नौका लावू नये, नाहीतर ती पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकते.

नौका वर येताच, तळ ओला असतानाच धुवावा. एका उन्हात वाळलेले शेवाळ आणि शिंपले सिमेंटसारखे धरतात आणि तासाभराच्या कामाला दिवस लागतो. दाबाच्या पाण्याला पंख्यासारखी पसरट नळी लावून ती सुमारे ३० सेंटिमीटर दूर आणि तिरपी धरावी. एका बिंदूवर रोखलेली धार झिजणारा रंग आणि सुटू पाहणारे जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) दोन्ही उडवते. धुतलेले पाणी गाळून गोळा करावे. उरलेल्या चुन्याच्या चकत्या सौम्य आम्लाने विरघळतात. जलरेषेवरचे पिवळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या जेलने दहा-पंधरा मिनिटांत जातात. आम्ल धातूला लागू देऊ नये, आणि क्लोरिनयुक्त ब्लीचमध्ये तर कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो.

रंगकाम

जुना रंग घट्ट असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला घासून खरखरीत करणे पुरते. कोरडे घासू नये. ती धूळ विषारी असते. मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेतच. सुटलेल्या कडा उतरत्या करून खड्ड्यांत एपॉक्सी लांबी (पुट्टी) भरावी, त्यावर अस्तर लावावे. जुना रंग कुठला हे ठाऊक नसेल तर मधे त्यासाठीचे वेगळे अस्तर देणे सुरक्षित.

रंग किती लागेल याचा अंदाज बांधणे सोपे आहे. रुंदी आणि डुबी (नौका पाण्यात किती खोल बुडते ते) यांची बेरीज करून तिला जलरेषेवरच्या लांबीने गुणले, सगळे मीटरमध्ये, की मोटरबोटीच्या तळाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. लांब कीलच्या शीडनौकेसाठी त्याला ०.७५ ने, आखूड खोल कीलच्या नौकेसाठी ०.५ ने गुणावे. उदाहरणार्थ, ९ मीटर जलरेषा, ३.२ मीटर रुंदी आणि १.८ मीटर डुबी असलेल्या आखूड कीलच्या नौकेचे क्षेत्रफळ २२.५ चौरस मीटर भरते. एका लिटरात साधारण १० चौरस मीटरचा एक हात होतो असे धरले तर दोन हातांना साडेचार लिटर लागतात. जास्तीच्या हातासाठी आणखी अर्धा-पाऊण लिटर ठेवावा. जलरेषा, कील आणि सुकाणूच्या पुढच्या कडा, तसेच पंख्याजवळचा भाग इथे पाणी जोराने घासते, म्हणून तिथे तिसरा हात देतात.

तांबे डब्याच्या तळाशी बसते. पहिल्यांदा ढवळताना काठीला चिखलासारखा गाळ लागतो. तो पूर्ण मिसळेपर्यंत आणि पुढेही काम चालू असताना ढवळत राहावे. नाहीतर नौकेच्या एका बाजूला नुसता रंग आणि दुसऱ्या बाजूला सगळे तांबे जाते. रोलर आखूड केसांचा घ्यावा. रंग पुरवण्यासाठी पातळ ताणू नये, कारण किती दिवस काम देईल हे थराच्या जाडीवरच ठरते. कवचाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावे. दोन हात दोन वेगळ्या छटांचे दिले तर वरचा झिजून खालची छटा दिसू लागते आणि पुन्हा रंगवायची वेळ आपोआप कळते. शेवटच्या हातानंतर नौका किती दिवसांत पाण्यात गेली पाहिजे हे डब्यावर लिहिलेले असते; ते पाळले नाही तर काही रंगांची ताकद उतरते.

ॲल्युमिनियमच्या तळावर किंवा इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायावर क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावू नये. दोन धातूंत विद्युत्‌रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियमला भोके पडतात, 'अलार्म'च्या खिळ्यांचे झाले तसेच.

झिजण्यासाठीच लावलेला धातू

तोच गुणधर्म ॲनोड, म्हणजे नौकेच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, नौकेच्या बाजूने वापरतो. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियम, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा ॲनोड लावतात. निम्मा झिजला की बदलायचा. बसवण्याआधी धातूची जागा चकचकीत घासावी, आणि ॲनोडवर रंग मुळीच लावू नये. रंगवलेला ॲनोड म्हणजे नसलेला ॲनोड. वर्षभर पाण्यात राहून जसाच्या तसा निघालेला ॲनोड हे चांगले लक्षण नव्हे. त्याचा संपर्क तुटलेला असतो आणि झीज दुसरीकडे होत असते. दोन-तीन महिन्यांतच संपला, तर वीजगळती शोधावी.

फायबरग्लासचे फोड, लाकडाचे सांधे

फायबरग्लासवरचे जेलकोट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते. त्यातून पाणी झिरपून आतल्या रेझिनचे घटक विरघळले की दाब वाढून फोड येतो. टोचल्यावर व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी निघते. नौका बाहेर काढल्यावर लगेच पाहावे, वाळल्यावर बारीक फोड बसतात. मोजके असतील तर उघडून, गोड्या पाण्याने वारंवार धुऊन, पूर्ण सुकवून एपॉक्सी लांबी भरावी. तळभर असतील तर सुकवायलाच महिने लागतात, आणि नंतर एपॉक्सीचे पाच-सहा हात देऊन २५० ते ३०० मायक्रॉनचा पाणीरोधक थर बांधावा लागतो. ओलावा आत असताना घाईने एपॉक्सी चढवणे ही यातली नेहमीची चूक. फोड पुन्हा येतात. जलरेषेवरचे जेलकोट उन्हाने खडूसारखे होते. आधी कंपाउंड, मग पॉलिश, मग मेण, असे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे घेत काम करावे.

लाकडी नौकेचे दुखणे उलटे: ती जमिनीवर फार दिवस ठेवली की फळ्या आकसून सांधे उघडतात. तिला सावलीत ठेवावे. पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगेपर्यंत पंप जवळ हवा.

जीवांची वाहतूक

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या मरीनामध्ये (विहारनौकांच्या बंदरात) काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला. तो बहुधा एखाद्या विहारनौकेच्या तळाला चिकटून आला असावा. मरीना बंद करून पाण्यात क्लोरिन आणि कॉपर सल्फेट टाकून तो संपवला गेला. २०१८ पासून न्यूझीलंडला पोचणाऱ्या प्रत्येक नौकेला तळ स्वच्छ असल्याचे दाखवावे लागते. ट्रेलरवर नेल्या जाणाऱ्या छोट्या नौकांनाही हे लागू आहे: नौका दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी तळाचा बूच काढून साठलेले पाणी सोडावे, दोऱ्या, नांगर व ट्रेलरच्या पट्ट्यांत अडकलेले शेवाळ काढावे आणि सर्व पूर्ण वाळवावे. झेब्रा शिंपल्यासारख्या जीवांसाठी ६० अंश सेल्सियसचे पाणी प्रत्येक जागेवर किमान दहा सेकंद पडले पाहिजे. नळीच्या तोंडाशी मोजलेले नव्हे, तर कवचावर पोचलेले तापमान धरावे.