शेजारच्याने किती दिले? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या भरतीची पार्श्वभूमी

मे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कार्यक्रमात अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी जाहीरपणे आरोप केला की टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाने संघातला प्रत्येक खेळाडू विकत घेतला आहे. दुसऱ्याच दिवशी ए अँड एमचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांनी पत्रकारांना बोलावून सेबन यांची यथेच्छ धुलाई केली. सेबन यांचा फोन आला होता, पण आपण तो घेतला नाही, हेही त्यांनी ऐकवले. हे फिशर एकेकाळी लुइझियाना स्टेट विद्यापीठात सेबन यांच्याच हाताखाली काम करत होते. वादाचे मूळ एका यादीत होते. शाळा संपवून येणाऱ्या नव्या मुलांच्या त्या वर्षीच्या क्रमवारीत ए अँड एम पहिले आणि अलाबामा दुसरे आले होते.

आंतरविद्यापीठ सामन्याला आपल्याकडे किती प्रेक्षक जमतात ते आठवले, तर हा संताप कळणे अवघड आहे. अलाबामाच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसे बसतात. त्या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही, त्यामुळे माणूस एकतर अलाबामाचा असतो नाहीतर त्याच राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचा. शिवाय व्यावसायिक लीगमध्ये दुबळ्या संघाला नवा खेळाडू आधी निवडता येतो, कॉलेजात तशी सोय नाही. लिलाव नाही, ड्राफ्ट नाही. सतरा वर्षांचा मुलगा ठरवेल तिथे जातो. म्हणून कोट्यवधींचा पगार घेणारा प्रशिक्षक त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

एका मुलाने काय फरक पडतो, याचे उत्तर बो जॅक्सन. बर्मिंगहॅमजवळच्या बेसेमरचा हा मुलगा 1982 मध्ये ऑबर्नला गेला. त्याआधी सलग नऊ वर्षे अलाबामा ऑबर्नला हरवत आले होते. त्याच वर्षी बोने बचावफळीच्या डोक्यावरून झेप घेत निर्णायक गुण मिळवला आणि ऑबर्न 23-22 ने जिंकले.

पैशाची कुरकुर मात्र बोच्या कितीतरी आधीची. अलाबामा आणि ऑबर्न 1907 नंतर 1948 पर्यंत एकमेकांशी खेळलेच नाहीत. कारणे दोन, खेळाडूंचा प्रवासभत्ता आणि पंच कोण नेमणार. कार्नेगी फाउंडेशनने 1929 मध्ये कॉलेज खेळांवर मोठा अहवाल काढला, त्यात मुलांना गळाला लावण्याचे आणि छुप्या मदतीचे प्रकार नोंदवले होते. फरक फारसा पडला नाही. 1948 मध्ये एनसीएए या नियामक संघटनेने कडक संहिता आणली. खेळाडूला मदत द्यायची तर घरची गरज पाहून, आणि तीही फीपुरती. 1950 मध्ये सात संस्था नियमभंगात सापडल्या, पण त्यांना काढून टाकायला लागणारी दोन तृतीयांश मते पडली नाहीत. मते द्यायची कोणी? बहुतेकांचे हात त्याच रंगात बुडालेले असावेत, असे मला वाटते. पुढच्या वर्षी संहिता गुंडाळली गेली आणि 1956 मध्ये गरज न पाहता पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. त्यावर एक छदामही चालणार नव्हता.

तो छदाम पुढे धनाढ्य पाठीराख्यांच्या, म्हणजे बूस्टरांच्या, खिशातून आला. डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात तेरा खेळाडूंना दरमहा 50 ते 725 डॉलर पोचत होते, आणि ते संस्थेच्या वरिष्ठांना माहीत होते. आधीच कारवाई झालेली असतानाही हप्ते सुरूच ठेवले गेले, कारण मुलांना शब्द दिला होता! त्या निर्णयात सहभागी असलेले बिल क्लेमेंट्स तोवर टेक्सासचे गव्हर्नर झाले होते. फेब्रुवारी 1987 मध्ये एनसीएएने या संघाचा पूर्ण हंगाम रद्द केला आणि पुढच्या हंगामात विद्यापीठाने स्वतःच संघ उतरवला नाही. त्या दशकात टेक्सासमधली इतर अनेक कॉलेजेही दंडाच्या फेऱ्यात सापडली होती. एकटे तेच चोर होते, असे तिथे कोणी मानत नाही.

एनसीएएकडे ना पोलिसांचे अधिकार, ना माणसे. नियम चालायचे ते बऱ्याच अंशी चहाडीवर. मेम्फिसचा अल्बर्ट मीन्स हा धिप्पाड मुलगा अलाबामात गेला, आणि नंतर उघड झाले की लोगन यंग या बूस्टरने त्याच्या शालेय प्रशिक्षकाला दीड लाख डॉलर दिले होते. 2002 मध्ये अलाबामाच्या 21 शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या आणि दोन वर्षे हंगामानंतरच्या सामन्यांची बंदी आली. एनसीएएच्या तपास अधिकाऱ्याशी बोललेल्यांत प्रतिस्पर्धी टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक फिलिप फुल्मर होते, हे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर पडले. अलाबामाचे लोक खवळले. 2004 मध्ये फुल्मर बर्मिंगहॅमच्या वार्षिक पत्रकार मेळाव्याला आलेच नाहीत, कारण तिथे पाऊल ठेवताच समन्स हाती पडले असते. ते फोनवरून बोलले आणि कॉन्फरन्सने, म्हणजे ही विद्यापीठे ज्या गटात खेळतात त्याने, त्यांना दहा हजार डॉलर दंड ठोठावला. आपल्या संघाने पैसे दिले हे कोणाला टोचले नाही. टोचले ते सांगितले कोणी, हे.

ऑबर्नचा खेळाडू कॅम न्यूटन याचीही तीच गत. त्याच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडे पैसे मागितल्याचे 2010 मध्ये निष्पन्न झाले, पण मुलाला ते ठाऊक नव्हते, असे म्हणत एनसीएएने त्याला खेळू दिले. अलाबामाच्या पाठीराख्यांना ते पचणे शक्य नव्हते. त्यात न्यूटनच्या संघाने 0-24 अशा पिछाडीवरून अलाबामाला 28-27 ने हरवले. त्यानंतर अलाबामाच्या एका साठीतल्या चाहत्याने ऑबर्नचे चाहते विजय साजरा करायला जिथे जमतात त्या टूमर्स कॉर्नरच्या जुन्या ओक वृक्षांवर तणनाशक ओतले आणि रेडिओवर फोन करून ते बढाईने सांगितले. त्याला शिक्षा झाली. 2013 मध्ये झाडे तोडावी लागली.

जून 2021 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंच्या लाभांवरील मर्यादांबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात, 9-0 असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला. 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावण्याची परवानगी मिळाली. जे पैसे आजवर पाकिटातून जात, ते करारावर आले. पाठीराख्यांनी निधी गोळा करणारे गट उभारले, आणि सेबन यांचा तो आरोप याच काळातला. तक्रारीचा सूरही बदलला. ‘ते पैसे देतात’ याऐवजी आता ‘ते आमच्यापेक्षा जास्त देतात’. मला हा सूर जुन्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. सेबन जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले. फिशर यांना त्याआधीच, नोव्हेंबर 2023 मध्ये, ए अँड एमने नारळ दिला. कराराची उरलेली रक्कम 7.5 कोटी डॉलरहून जास्त होती, आणि ती न खेळणाऱ्या माणसाला द्यायची होती.

जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकते; 2025-26 या पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून ही मर्यादा सुमारे 2.05 कोटी डॉलर होती. बाहेरून येणारा 600 डॉलरवरचा प्रत्येक करार डेलॉइट या लेखापरीक्षण कंपनीने चालवलेल्या यंत्रणेत नोंदवून तो खरोखर जाहिरातीचा आहे का, हे तपासले जाते.