तुरटीनं खाल्लेली पत्रं

नौपाड्यातला एक जुना दुमजली वाडा पुनर्विकासाला गेला. ठाण्यात ही काही बातमी नव्हे. पण वाडा रिकामा करताना माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली आली, आणि दोन दिवसांनी त्या घरच्या सूनबाई माझ्या दारात. "काका, तुम्ही केमिस्ट्री शिकवायचात ना? हे बघा बरं." त्यांच्या हातात त्यांच्या आजेसासऱ्यांना आलेलं १९४४ सालचं एक पत्र होतं. प्लॅस्टिकमध्ये गरम दाबून चक्क लॅमिनेट केलेलं! "अजून दीडशे तरी आहेत. सगळीच करून घेते, म्हणजे कायमची टिकतील."

मी ओरडलोच. नंतर माफी मागितली, चहा झाला, आणि ओरडण्याचं कारण सांगायला दीड तास लागला. ते इथे लिहून काढतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे.

आधी ती पत्रं कोणाची ते सांगतो. आजेसासरे ठाण्याच्या कोर्टात वकिली करत आणि रात्री जागून वाचत. त्यांचा शाळेपासूनचा एक मित्र मुंबईत मनोविश्लेषण, म्हणजे रुग्णाला बोलतं करून त्याच्या मनातलं दडलेलं उलगडायची पद्धत, शिकत होता. दोघांचा पत्रव्यवहार तेरा वर्षं चालला आणि त्यात वादाचा विषय मुख्यतः एकच, भारतीय दंड संहितेचं कलम ८४. मनोविकृतीमुळे आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, अशा माणसाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, असं ते कलम. (आता नव्या न्यायसंहितेत ते २२ क्रमांकावर गेलंय.) वकील विचारतो, त्या वेळी त्याला कळत होतं की नव्हतं? मित्र उलट विचारतो, 'कळणं' म्हणजे नक्की काय रे? असं पानंच्या पानं. ठाण्याच्या वकिलाला हा विषय सुचावा यात नवल नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि "ठाण्याला पाठवा याला" हा विनोद आम्ही ठाणेकर पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय.

कायदा आणि मनोविश्लेषण यांची ही मैत्री फक्त नौपाड्यातली नव्हती. १९०६ साली मनोविश्लेषणाचे जनक खुद्द फ्रॉइड यांनी व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिलं. गुन्हेगार आणि उन्मादाचा (हिस्टेरियाचा) रुग्ण दोघेही गुपित लपवतात, पण गुन्हेगाराला ते गुपित ठाऊक असतं आणि रुग्णाला ते स्वतःलाच ठाऊक नसतं, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या अगदी आतल्या वर्तुळातले हान्स झाक्स हे मूळचे वकील. ऑस्ट्रियाच्या १९२० च्या संविधानाचे शिल्पकार हान्स केल्सन यांनी १९२२ मध्ये फ्रॉइड यांच्या समूहमानसाच्या सिद्धान्तावर टीका लिहिली, तीही मनोविश्लेषकांच्याच नियतकालिकात, आणि फ्रॉइड यांनी पुढच्या आवृत्तीत तळटीप देऊन तिला उत्तर दिलं. इकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइड आणि बोस आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. १९२१ पासून पुढची दीड दशकं त्यांची ओळख होती ती कागदावरचीच. आणि मुंबईत? एमिलिओ सेर्वादिओ हे इटालियन मनोविश्लेषक १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांपासून पळून मुंबईत आले आणि महायुद्ध संपेपर्यंत इथेच राहिले. त्यांची पदवी कायद्याची होती! आमच्या वकिलांचा मित्र त्यांना भेटला होता की काय, ते पत्रांत शोधायचा माझा मोह अजून गेलेला नाही.

हे सगळं आज आपल्याला कळतं ते पत्रं उरली म्हणून. फ्रॉइड यांनी स्वतः १८८५ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचे असतानाच, आपली टिपणं आणि पत्रं नष्ट केली होती, भावी चरित्रकारांची जिरवायला. नंतरची मात्र उरली आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात पोचली. याच फ्रॉइड यांचा १९२५ चा एक छोटा निबंध मला फार आवडतो. लहान मुलांची जादूची पाटी असते ना, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं, ती त्यांनी स्मृतीच्या प्रतिमेसाठी घेतली. वर सगळं कोरं दिसतं, खालच्या मेणावर मात्र अक्षरांच्या खुणा राहतात. आपल्या धूळपाटीत ही सोय नाही. हात फिरवला की खरंच गेलं.

कागदाचं वागणं या दोन्ही पाट्यांहून वेगळं आहे. अक्षर शाबूत राहतं आणि पाटीच नाहीशी होते.

ट्रंकेत पत्रांच्या तळाशी एक रुमाल होता, म्हणजे कापडात बांधलेलं जुनं दप्तर. आत मोडीतले जमिनीचे कागद, पेशवाईच्या अखेरीचे. मी एका कोपऱ्याला हळूच बाक दिला. कागद कापडासारखा वळला. मग १९४४ चं एक पत्र उघडायला गेलो, तर घडीवर ते पापडासारखं तुटलं. दोनशे वर्षांचा कागद ठणठणीत आणि ऐंशी वर्षांचा मरणपंथाला. "जुना झाला की कागद पिवळा पडायचाच" हे म्हणणं इथेच निकालात निघतं. वय हे कारण नाही.

कारण आहे तुरटी.

जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हातानं बनायचा, चिंध्या आणि तागाच्या लगद्यापासून. लगदा चुन्यात भिजवायचे, त्यामुळे थोडा चुना कागदातच राहायचा. युरोपात १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग यांनी शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळायची युक्ती छापली. स्वस्त, झटपट, यंत्राला सोयीची. पुढे १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करायला सुरुवात झाली आणि कागद आणखी स्वस्त झाला. त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षं जगातला बहुतेक कागद पोटात आम्ल घेऊनच जन्माला आला. महायुद्धाच्या टंचाईतला तर विचारूच नका.

आता तुरटीतून आम्ल कसं येतं? पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवताना तुम्ही ही अभिक्रिया हजारदा केली आहे. (कागदवाल्यांची 'तुरटी' म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट, आपल्या खड्याची जवळची बहीण.) पाण्यात ॲल्युमिनियमचा आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू, सहा पाण्याचे रेणू भोवती धरून बसतो. हा आयन आकारानं चिमुकला आणि त्यावर तीन धन प्रभार. तो पाण्यातल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन इतके स्वतःकडे ओढतो की त्या ऑक्सिजनची हायड्रोजनवरची पकड सुटते. हायड्रोजन आयन बाहेर पडतो, आणि आम्लाचा आम्लपणा म्हणजे हाच आयन. हे एकदा, दोनदा, तीनदा झालं की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, गाळाला धरून तळाशी बसतात, आणि आपण म्हणतो पाणी निवळलं. सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातच राहतात. हंडाभर पाण्यात त्यांचं काही वाटत नाही. कागदात ते अडकून पडतात.

कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. प्रत्येक दोन कड्यांमध्ये एकेक ऑक्सिजन पुलासारखा बसलेला. भटका हायड्रोजन आयन त्या पुलावर चढतो. ऑक्सिजनवर धन प्रभार आल्यामुळे त्याची एका बाजूची पकड ढिली पडते आणि पूल तुटतो. कार्बनाच्या तुटक्या टोकाला हवेतल्या ओलाव्यातला पाण्याचा रेणू येऊन चिकटतो. आता गंमत पाहा: त्या पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन आयन सुटतो. म्हणजे जो गेला तो परत आला! आम्ल खर्च झालंच नाही. तोच आयन पुढच्या पुलावर चढायला मोकळा. वकिलाच्या भाषेत सांगायचं तर आरोपी दर वेळी जामिनावर सुटतो.

शिवाय तुटलेल्या कड्यांपासून फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लं तयार होतात. म्हणजे आम्लामुळे तुटणं आणि तुटण्यामुळे आणखी आम्ल. जुन्या पुस्तकांचा तो आंबूस-गोडसर वास, ज्यावर लोक कविता करतात, त्यात या मंडळींचा हात असतो.

थोडं गणित करू. नकोसं वाटलं तर हा परिच्छेद सोडा, पण मला सोडवत नाही. समजा एका साखळीत १००० कड्या आहेत, म्हणजे ९९९ पूल. एक पूल तुटला की दोन तुकडे, सरासरी लांबी ५००. तीन तुटले की चार तुकडे, सरासरी २५०. आणि सरासरी लांबी दोनशे-तीनशेच्या आसपास आली की कागद घडी सोसत नाही, तंतूच मोडतो. म्हणजे ९९९ पैकी फक्त तीन पूल, हजारात तीन! रासायनिक दृष्टीनं कागद ९९.७ टक्के शाबूत आहे आणि तरी त्याचा पापड झालाय. एकनस्टाम या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये याचं सूत्र दिलं: साखळीची लांबी नव्हे, तर १ भागिले लांबी, ही राशी काळाबरोबर सरळ रेषेत वाढते. लांबीच्या आलेखात त्यामुळे सुरुवातीला झपाट्यानं उतार दिसतो आणि मग रेंगाळणं. चिंध्यांच्या कागदाच्या साखळ्या मुळात कितीतरी लांब असतात, आणि वर चुना प्रत्येक आयनाला गाठून गारद करतो. म्हणून तो मोडी कागद वळला.

शाईचं थोडक्यात. मित्राच्या काही पत्रांत अक्षरांच्या जागी चक्क जाळी झाली आहे. त्या काळच्या बऱ्याच निळ्या-काळ्या शाया लोह आणि टॅनिनच्या असत. आपल्याकडे हिराकस आणि हिरड्यापासून काळी शाई करायचे, तेच हे रसायन. त्यात आम्ल तर असतंच, वर लोह सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणालाही हातभार लावतं. मोडीची शाई काजळाची, म्हणजे शुद्ध कार्बन. ती कोणाच्या अध्यात ना मध्यात.

राहिला ठाण्याचा हिशोब. पूल तुटायला पाणी लागतं, आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तापमानाचा ढोबळ नियम असा की सुमारे ५ अंश वाढले की नासण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात किती तापतो ते आपल्याला ठाऊक आहे. ट्रंकेला तिथून उतरवणं हेच निम्मं औषध होतं.

म्हणून लॅमिनेशनवर ओरडलो. गरम रूळ पत्राला एका फटक्यात भाजून काढतो, डिंक तंतूंत शिरतो तो पुन्हा निघत नाही, आणि आम्ल मात्र आत कोंडून राहतं. चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप! चिकटपट्टीचंही तेच. सापाची कात, लाल फडकं, मोरपीस ठेवलं की कसर लागत नाही असं सांगणारे ज्येष्ठ नागरिक संघात डझनभर भेटतील. कातीनं कसर पळते याला पुरावा नाही, आणि पळाली तरी हायड्रोजन आयन काही कसर नव्हे.

आणखी एक जण भेटला. सूनबाईंचे दीर म्हणाले, एका 'हस्ताक्षर तज्ज्ञा'ला पत्रं दाखवू, आजोबांचा स्वभाव कळेल. दोन गोष्टींची गल्लत आहे. अमुक सही अमुक माणसाची आहे का, यावर तज्ज्ञाचं मत न्यायालय ऐकतं. 'ल'च्या गाठीवरून स्वभाव आणि भविष्य सांगणं ही पत्रिकेची चुलत बहीण आहे, आणि नीट केलेल्या चाचण्यांत ती टिकलेली नाही. मन वाचायचं यंत्र वकिलांनाही नेहमीच हवं असतं म्हणा. नार्को चाचणीचा केवढा गाजावाजा झाला होता! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संमतीशिवाय ती कोणावर लादता येणार नाही.

मग करायचं काय? टाचण्या काढल्या, त्या गंजतात आणि तिथेही लोहच. घड्या उलगडून पत्रं सपाट ठेवली, मधे आम्लरहित कागद, ज्यात मुद्दाम खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेला असतो. फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचा फोटो. पाण्यानं किंवा चुन्याच्या निवळीनं आम्ल काढायचे उपाय आहेत, पण शाई विरघळली तर पत्र कोरं होईल, ते जाणकारांवरच सोपवावं. लॅमिनेट झालेलं ते एक पत्र तसंच आहे.

एका बाबतीत मात्र रसायनशास्त्राचा उपयोग झाला नाही. ट्रंकेत एक जाड पाकीट निघालं, लाखेनं बंद केलेलं, वर वकिलांच्या अक्षरात "उघडू नये, अशिलाचे आहे". अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकिलानं बाहेर सांगायचं नाही, काम संपलं तरी ते बंधन संपत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात स्पष्ट होतं. मनोविश्लेषकही रुग्णाबाबत हेच मानतो. दोघांच्या पत्रांत यावरही वाद आहेच. आत जर त्याच काळचा कागद असेल तर तो बंद पाकिटात स्वतःच्याच आम्लाच्या वाफेत शिजतोय, हे मी सांगितलं. सूनबाईंनी ऐकून घेतलं. मग पाकीट न उघडताच आम्लरहित कागदात गुंडाळलं, नाडा बांधला आणि वर पेन्सिलीनं तारीख टाकली. पेन्सिलीनंच का, ते मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं: "कार्बन ना, काका."