मजबूत पंख आणि ताठ पंख

हडपसरला विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर, चढणारं बिनइंजिनाचं ग्लायडर बघताना शेजारचा कुणीतरी हमखास म्हणतो, "पंख केवढा वाकतोय, कच्चा दिसतो." दुसरीकडे घरी ग्लायडर बांधणारा पंख उलटा जखडतो, वर वाळूच्या गोण्या रचतो आणि चौपट भाराला मोडला नाही की पेढे वाटतो. दोघांची गल्लत एकच आहे आणि दुसऱ्याची जिवावर बेतू शकते.

मजबुती म्हणजे किती भाराला मोडेल. ते सगळ्यांना कळतं. ताठपणा म्हणजे मोडायच्या कितीतरी आधी, तेवढ्याच भाराला तो किती हलेल. स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई. "स्पार ७०७५ या मिश्रधातूचा करा, ताठ होईल" हे ऐकून मी थकलोय. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम साधारण २७५ मेगापास्कलला कायमचं वाकतं, ७०७५-टी६ सुमारे ५००ला. पण स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे धातूचा स्वतःचा ताठपणा, दोघांचा ७० गिगापास्कलच्या आसपासच. म्हणजे त्याच मापाचा महागडा स्पार उशिरा निकामी होईल, पण तोवर वाकेल जवळपास तेवढाच. ताठपणा आकारातून येतो. स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्या त्याच ठेवून त्यांच्यातलं अंतर दुप्पट केलं, तर मजबुती दुप्पट होते आणि ताठपणा चौपट. म्हणून मी स्पारची उंची आधी ठरवतो, धातू नंतर.

वरखाली वाकण्याला मी फारसा भीत नाही. खरी भीती पिळाची.

उचल, म्हणजे पंखाला वर ढकलणारा हवेचा जोर, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर लागते. पंख ज्या रेषेभोवती पिळतो ती त्यामागे असेल, तर उचल पुढची कड वर ढकलते, पंखाचा हवेशी कोन वाढतो, त्यामुळे उचल वाढते, पीळ आणखी वाढतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. पंखाचा विरोध मात्र होता तेवढाच राहतो. एका वेगाला पीळ आवरेनासा होतो आणि पंख तुटतो. वाळूच्या गोणीचं वजन पंख पिळला म्हणून वाढत नाही, त्यामुळे गोण्यांच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

पटत नसेल तर ५० मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या आणि लांबीभर एक चीर पाडा. वाकवायला तो जवळपास पूर्वीसारखाच लागेल. पिळायला मात्र हिशेबाने चारशेपटींहून सैल. पंखाची डी-ट्यूब, म्हणजे पुढच्या कडेचं प्लायवुड आणि स्पार मिळून होणारी बंद नळी, हाच पाइप आहे. स्पारवरचा गोंदाचा सांधा सुटला की चीर पडली. त्या सांध्यावर घाई करणारा माणूस मला बघवत नाही. प्लायवुडचे धागेही ४५ अंशांत हवेत. लाकूड वाचवायला धागे सरळ ठेवून लावलेलं प्लाय मी उखडायला लावतो. एलेरॉन, म्हणजे ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची फळी, कधी उलटा परिणाम देऊ लागतो, त्याचंही मूळ बहुतेकदा याच पिळात असतं.

गोण्या जरूर रचा, पण आधी पंखाच्या टोकाला पुढून मागे जाणारी आडवी फळी घट्ट बांधा, तिच्या पुढच्या टोकाला ५ किलो टांगा आणि दोन्ही टोकं किती खाली-वर झाली ते मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे पीळ. तो वहीत लिहून ठेवा आणि गोण्या उतरवल्यावर पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल, तर पंख अखंड दिसत असला तरी आत कुठेतरी सांधा सुटलाय.