काउन्सिलच्या जागेवर ट्रॅव्हलर कुटुंबे फुकट राहतात का?

“जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोक काउन्सिलच्या जागेवर फुकट राहतात, त्यांना ना भाडे, ना कर,” असा संदेश इंग्लंडमधील मराठी मंडळींच्या गटांतही फिरत असतो. (जिप्सी आणि ट्रॅव्हलर म्हणजे परंपरेने भटके जीवन जगणारे समाज; काउन्सिल म्हणजे तेथील स्थानिक प्रशासन.) मैदानावर अचानक उभ्या राहिलेल्या कॅराव्हॅन, म्हणजे ओढून नेता येणारी फिरती घरे, पाहिल्यावर तो संदेश खरा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यात अधिकृत तळ आणि विनापरवाना तळ या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

काउन्सिलच्या अधिकृत तळावर कुटुंबाला आखून दिलेली जागा, म्हणजे ‘पिच’, मिळते. तिच्यावर सहसा एक लहानशी पक्की खोली असते आणि तीत सिंक, न्हाणी व संडास असतो. कॅराव्हॅन बहुधा कुटुंबाच्याच मालकीची असते, तरीही पिचचे भाडे, विजेचे पैसे आणि, तेच मुख्य घर असल्याने, काउन्सिल टॅक्सही, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक करही, भरावा लागतो. उत्पन्न कमी असल्यास मिळणारे साहाय्य इतर भाडेकरूंनाही मिळतेच. १९८३ चा मोबाइल होम्स कायदा २०११ पासून या तळांना लागू असल्याने अटी लेखी द्याव्या लागतात.

विनापरवाना तळावर भाडे नसते, पण सहसा नळ आणि वीजही नसते. शिवाय १९९४ च्या कायद्यानुसार काउन्सिल तेथून निघून जाण्याचा आदेश देऊ शकते. याच कायद्याने, तळ पुरवण्याचे १९६८ च्या कायद्यातील बंधन काउन्सिलांवरून काढून टाकले. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे आणि नेमकी तीच त्या संदेशात नसते.

पडताळणी घरबसल्या करता येते. सरकारी संकेतस्थळावर तळाचा पोस्टकोड घातल्यास नोंद झालेल्या पिचचा काउन्सिल टॅक्सचा गट, म्हणजे कराची पायरी, दिसतो. जानेवारी आणि जुलैमधील ट्रॅव्हलरांच्या कॅराव्हॅन गणनेचे आकडेही प्रसिद्ध होतात. बहुसंख्य कॅराव्हॅन अधिकृत जागांवरच असल्याचे त्यांतून दिसते.