दोन हमिंगबर्ड आणि शेपटीतलं दुसरं पीस

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या बहिणीने फोटो पाठवला. बाल्कनीत टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीपाशी तरंगणारा, जेमतेम अंगठ्याएवढा नर. गळा नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा लखलखीत, पाठ हिरवी. "दादा, पाठ हिरवी म्हणजे हा ॲलन्स हमिंगबर्डच ना? पक्षी ओळखणारं ॲपपण तेच म्हणतंय."

हा समज तिकडच्या अनेक पक्षीवेड्यांचाही आहे. (आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात.)

रूफस आणि ॲलन्स या हमिंगबर्डच्या दोन जाती अगदी जवळच्या नातेवाईक, वजन 3 ते 4 ग्रॅम. रूफस हिवाळा मेक्सिकोत काढतो आणि विणीसाठी पार अलास्कापर्यंत जातो. ॲलन्सची वीण कॅलिफोर्निया आणि दक्षिण ऑरेगनच्या किनारपट्टीपुरती. मार्चमध्ये ॲलन्सचा हंगाम सुरू असतो आणि रूफस त्याच किनाऱ्याने उत्तरेला निघालेला असतो. म्हणजे एकाच बाटलीवर दोघंही येऊ शकतात.

प्रौढ नराची सगळी पाठ तांबूस असेल तर तो रूफस, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही, कारण काही रूफस नरांचीही पाठ हिरवी असते. खरी ओळख शेपटीत आहे. शेपटीला पिसांच्या पाच जोड्या. मधल्या जोडीतलं पीस पहिलं धरून त्याच्या लगतचं दुसरं पीस बघायचं: रूफस नराच्या या पिसाला टोकाजवळ आतल्या कडेला खाच असते, ॲलन्सच्या नसते. शिवाय ॲलन्सचं सर्वांत कडेचं पीस सुईसारखं अरुंद असतं. ॲपने किती टक्के खात्री दाखवली याला म्हणूनच फार अर्थ नाही. फोटोत शेपूट मिटलेली असेल, तर ॲप तरी काय बघणार?

शेपटीवर माझा जीव जडलाय तो मात्र वेगळ्याच कारणाने. ही पिसं वाजतात! मादीसमोर नर उंच चढतो, सूर मारतो आणि तळाशी शेपूट पसरतो. तेव्हा येणारा आवाज गळ्यातून येतो की पिसांतून, यावर बराच वाद होता. 2008 मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क आणि तेरेसा फिओ या संशोधकांनी ॲनाज हमिंगबर्ड या तिसऱ्या जातीच्या नरांची कडेची पिसं काढून पाहिली. सूर मारणं चालूच राहिलं, आवाज गेला. तेच पीस हवेच्या झोतात धरलं, तर तो आवाज पुन्हा आला.

दोन अंगठ्यांमध्ये गवताचं पातं धरून फुंकर मारलीत, तर हेच घडतं. हवा पिसाला वाकवते, पिसाचा ताठपणा त्याला परत आणतो, परतताना हवा पुन्हा ढकलते. वेग कमी असेल तर ही थरथर विरून जाते. एका ठरावीक वेगाच्या पुढे मात्र विरते त्याहून जास्त ऊर्जा हवेतून मिळू लागते आणि पीस सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा कंप पावत राहतं. 1940 मध्ये अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल वाऱ्यात पिळवटून कोसळला, तो याच जातीच्या कंपनाने. सूर मारताना वेग लागतो तो यासाठी. स्वर कोणता निघणार हे पिसाचा आकार, लांबी आणि ताठपणा ठरवतात, पेटीतल्या सुरांच्या पट्ट्यांसारखंच. आणि 2011 मध्ये हेही दिसलं की शेजारशेजारची पिसं एकमेकांच्या कंपनाला जोर देऊन आवाज वाढवू शकतात. ॲलन्सच्या शेपटीतली पिसंही अशीच वाजणारी आहेत. आपण ओळखीची खूण म्हणून जी शेपूट न्याहाळतो, ती मादीसाठी वाद्य आहे.

बहिणीला सांगितलं, शेपूट पसरलेला फोटो काढ. दोन आठवडे ती सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसली. शेवटी फोटो आला: दुसऱ्या पिसाला खाच नाही, कडेचं पीस सुईसारखं. ॲलन्सच निघाला.

त्याच बाटलीवर येणाऱ्या मादीचाही फोटो तिने पाठवलाय. माद्यांमध्ये पक्षी हातात घेऊन पिसाची रुंदी मोजल्याशिवाय खात्री देता येत नाही. तिने फोटोखाली "रूफस किंवा ॲलन्स" एवढंच लिहिलंय, आणि ते अगदी बरोबर आहे.