वधू-वराची प्रतिमा: होशेयपासून ल्यूथरपर्यंत

वसईत काय, अहमदनगरात काय, ख्रिस्ती लग्नात इफिसकरांस पत्राचा 5वा अध्याय पुष्कळदा वाचला जातो. ऐकणाऱ्यांच्या ध्यानात राहते ते 'पत्नीने अधीन असावे' एवढेच. पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने अधिक ओळी खर्ची घातल्या त्या नवऱ्यासाठी: ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे आपल्या अनुयायांच्या समुदायासाठी, स्वतःला दिले, तशी त्याने बायकोवर प्रीती करावी.

देव वर आणि त्याची प्रजा वधू, ही प्रतिमा पौलाच्याही फार आधीची, आणि तिचा उगम सुखी संसारात नाही. इ.स.पूर्व 8व्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात होशेय संदेष्ट्याची बायको गोमर त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही. मुलीचे नाव ठेवले लो-रुहामा, म्हणजे दया न लाभलेली. पुढे 15 शेकेल रुपे आणि वर जव मोजून होशेय एका स्त्रीला घरी आणतो. ती गोमरच, असे बहुतेक भाष्यकार मानतात. देव आपल्या प्रजेला असाच परत आणतो, हे त्याचे सांगणे. मला या सबंध परंपरेत याहून हेलावणारे काही सापडत नाही.

बायबलमधले गीतरत्न हे तर उघड प्रेमकाव्य. यहुद्यांनी त्यात देव आणि इस्राएल पाहिले. वल्हांडणाच्या सणात ते वाचतात. 3ऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिजेनने वधूच्या जागी मंडळी बसवली, आणि एकेकट्या माणसाचा आत्माही. तेव्हापासून या काव्यावर सर्वाधिक लिहिले ते ब्रह्मचाऱ्यांनी. क्लेअरव्होच्या बर्नार्डने 1135 च्या सुमारास मठवासीयांपुढे त्यावर प्रवचने सुरू केली. पहिल्याच ओळीतल्या चुंबनावर तो कितीतरी प्रवचने रेंगाळला. 1153 मध्ये तो वारला तेव्हा 86 प्रवचने झाली होती आणि आठांपैकी 3रा अध्याय जेमतेम सुरू झाला होता. अविलाची संन्यासिनी तेरेसा हिने 1577 मध्ये आत्म्याच्या देवाकडच्या वाटेवरील शेवटच्या पायरीला विवाहच म्हटले.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये हीच प्रतिमा संसारी व्यवहाराच्या भाषेत मांडली: लग्न झाले की दोघांचे सगळे सामाईक, म्हणून आत्म्याचे पाप ख्रिस्ताचे आणि ख्रिस्ताची नीतिमत्ता आत्म्याची. तेव्हा तो स्वतः मठवासीच होता. कॅथरीनाशी त्याचे लग्न 1525 मध्ये झाले.

आपल्याकडे ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आळवले ते मुख्यतः गुरू आणि माउली म्हणून. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या अभंगांवर पोसलेल्या मनाला तीच हाक जवळची होती.