अमेरिकन कॉमिक्समधील स्त्रिया आणि स्त्री-वाचक

अमेरिकेतील कॉमिक्स-व्यवसायाने पानांवर स्त्रिया कशा रंगवल्या आणि मुलींना, बायकांना वाचक म्हणून कधी जवळ केले, कधी दूर लोटले, याचा इतिहास १९४०च्या दशकापासून सलग सांगता येतो. ‘मुली कॉमिक्स वाचत नाहीत’ हे विधान या व्यवसायात कित्येक वर्षे नियमासारखे चालले. ते खरे नव्हते. अंक जिथे विकला जाई ती जागा बदलली की वाचक बदलत असे, आणि वाचक बदलला की चित्रातली बाईही बदलत असे. या विषयातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा आवडीनिवडीपेक्षा विक्रीव्यवस्थेकडे पाहिल्यावर होतो.

सुरुवातीच्या काळात स्त्रिया या व्यवसायात होत्या, पण नाव झाकून. ‘ब्रेंडा स्टार’ या धाडसी महिला बातमीदाराची वृत्तपत्री चित्रमालिका १९४० साली सुरू करणाऱ्या डालिया मेसिक यांनी ‘डेल’ हे पुरुषी वाटणारे नाव घेतले होते. १९४१ च्या एप्रिलमध्ये ‘मिस फ्युरी’ आणणाऱ्या जून मिल्स ‘टार्पे मिल्स’ अशी सही करत. त्याच वर्षाअखेर मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांची वंडर वुमन आली. ताकद आणि स्त्रीत्व एकत्र नांदू शकते, हे मुलामुलींना दाखवण्यासाठीच त्यांनी ती घडवली. तरीही पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लेखकाच्या हाती, ‘जस्टिस सोसायटी’ या सुपरहिरोंच्या संघात तिला चिटणीसपद मिळाले. पुरुष सभासद मोहिमेवर निघत आणि देवांचे बळ अंगी असलेली ही बाई इतिवृत्त लिहायला मागे राही. मार्स्टन आजारी पडल्यावर त्यांच्या सहायक जॉय हमेल यांनी अनेक कथा लिहिल्या. अंकावर मात्र ‘चार्ल्स मोल्टन’ हे मार्स्टन यांचेच टोपणनाव छापले जाई.

मुलींना सरळ गिऱ्हाईक मानून केलेला मोठा व्यवहार म्हणजे प्रेमकथांची कॉमिक्स. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४७ साली ‘यंग रोमान्स’ सुरू केले. नायिकेने स्वतःच्या तोंडून सांगितलेली कबुलीवजा कथा, त्यात घसरलेले पाऊल, पश्चात्ताप आणि शेवटी बहुधा लग्न, असा साचा होता. खप इतका झाला की दोन-तीन वर्षांत अशा मालिकांचे पेव फुटले. त्या लिहिणारे-काढणारे बहुतेक पुरुष होते, पण विकत घेणाऱ्या मुली होत्या. टपरीवर, किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, म्हणजे मुलींचे रोजचे जाणे-येणे असे तिथे हे अंक लटकलेले असत.

१९५४ साली बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सेनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ ही नियमसंहिता लादून घेतली. स्त्रियांची शरीरे अतिशयोक्ती न करता काढावीत, हे कलम तीत होते. त्याच संहितेत प्रेमकथांनी घराचे मोल आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे, घटस्फोट हवाहवासा वाटेल असा दाखवू नये, असेही होते. पहिल्या कलमाने बाईची आकृती जरा सावरली, दुसऱ्यांनी तिची गोष्ट आवळली. प्रेमकथांमधली कडू चव गेली, आणि तीच तर त्यांची जान होती.

खरा फटका पुढे बसला. १९७०च्या दशकात कॉमिक्सचे वितरक फिल सूलिंग यांनी नवी पद्धत रुजवली : खास कॉमिक्सचे दुकान चालवणाऱ्याने आगाऊ मागणी नोंदवायची, जास्त सूट घ्यायची, पण न खपलेला अंक परत करायचा नाही. टपरीवाला उरलेला माल परत करू शके, कॉमिक्सच्या दुकानदाराच्या गळ्यात तो पडे. त्यामुळे त्याने जे हमखास खपते तेच मागवले. हमखास गिऱ्हाईक म्हणजे सुपरहिरोंचे जुने, बहुतांशी पुरुष वाचक. मुलींसाठी काही नवे मागवणे म्हणजे पदरचे पैसे पणाला लावणे. १९९०च्या दशकापर्यंत चित्रांनीही या दुकानाचीच भाषा उचलली. छाती आणि नितंब एकाच वेळी वाचकाकडे वळलेले, कणा पिरगळलेला, लढाईतही बाई छायाचित्राला उभी असावी तशी. २०१२ साली वाचक-चित्रकारांनी हॉकआय या पुरुष नायकाला नायिकांच्या नेमक्या त्याच पवित्र्यांत रेखाटले, तेव्हा त्यांतला विचित्रपणा कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

कथांमधला अन्याय समजायला कॅरल डॅन्व्हर्सचा प्रवास पुरेसा आहे. १९७७ साली मार्व्हल कंपनीने या नायिकेला ‘मिझ मार्व्हल’ म्हणून स्वतंत्र मालिका दिली. ‘मिस’ नव्हे, लग्न झाले की नाही ते न सांगणारे ‘मिझ’ (Ms.); स्त्रीमुक्तीच्या लाटेवरच हे नाव आले होते. कॅरल एका महिला-मासिकाची संपादक; तिच्या मालकाला त्यात पाककृती नि आहाराचे सल्ले हवे असत आणि ती त्याच्याशी भांडे. पोशाख मात्र पोट उघडे टाकणारा. मालिका १९७९ मध्ये बंद पडली. १९८० साली ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या २०० व्या अंकात मार्कस नावाचा पुरुष यंत्राने तिचे मन वळवून तिला गरोदर करतो, आणि सहकारी त्याच्याबरोबर तिला आनंदाने निरोप देतात. हा बलात्कार आहे, हे संपादकीय साखळीत कोणी थांबवले नाही. लेखिका कॅरल स्ट्रिकलंड यांनी त्याविरुद्ध लिहिले. १९८१ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या वार्षिक अंकात लेखक क्रिस क्लेरमॉन्ट यांनी परत आलेल्या कॅरलच्या तोंडून मित्रांना जाब विचारला. सुपरहिरो-कॉमिक्समध्ये इतकी सरळ कानउघाडणी विरळाच.

कॉमिक्सच्या चाहत्या गेल सिमोन यांनी १९९९ साली अशा स्त्री-पात्रांची यादीच केली. मारलेल्या, जखमी केलेल्या, शक्ती हिरावलेल्या. ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ हे तिचे नाव १९९४ च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ अंकावरून आले; त्यात नायकाला घरी आल्यावर प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. बाईचे मरण नायकाला पेटवण्यापुरते, हा मुद्दा त्यानंतर लपवता येईना. सिमोन स्वतः पुढे ‘बर्ड्स ऑफ प्रे’ आणि ‘वंडर वुमन’च्या लेखिका झाल्या.

मोठ्या कंपन्यांबाहेर स्त्रियांनी आपली वाट आधीच काढली होती. ट्रिना रॉबिन्स यांच्या पुढाकाराने १९७० साली निघालेले ‘इट एन्ट मी, बेब’ हे केवळ स्त्रियांनी केलेले पहिले अमेरिकन कॉमिक. १९७२ ते १९९२ या काळात ‘विमेन्स कॉमिक्स’मध्ये गर्भपात, मासिक पाळी, समलिंगी प्रेम असे विषय आले.

इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठीतही पोचलेल्या वेताळाच्या (मूळ अमेरिकन ‘फँटम’च्या) कथांतली डायना पामर संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी होती. आपल्याकडच्या अनेक वाचकांची परदेशी चित्रकथेतल्या स्त्रीशी ओळख तिच्यापासून झाली.

मुली परतल्या त्या पुस्तकांच्या दुकानातून. २०००च्या दशकात ‘सेलर मून’सारखी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, अमेरिकन पुस्तकदुकानांच्या फडताळांवर आली आणि मुली तिथेच जमिनीवर बसून ती वाचू लागल्या. वंडर वुमनची प्रकाशक कंपनी डीसीने २००७ साली किशोरींसाठी ‘मिंक्स’ ही शाखा काढली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली. रेना टेल्गमायर यांचे ‘स्माइल’ हे पडलेल्या दातांचे आत्मकथन २०१० साली स्कोलॅस्टिकने काढले, आणि शाळांमधील पुस्तक-जत्रांपर्यंत पोच असलेल्या या प्रकाशनसंस्थेने ते घरोघरी नेले. कॅरलला २०१२ मध्ये केली सू डिकॉनिक यांनी अंगभर वैमानिकी पोशाखात ‘कॅप्टन मार्व्हल’ केले. तिने मागे ठेवलेले ‘मिझ मार्व्हल’ हे नाव २०१४ साली जर्सी सिटीतल्या कमला खान या पाकिस्तानी-अमेरिकन मुलीने घेतले. संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांच्या या मालिकेच्या पहिल्या संग्रहाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.